दगडी सराईचा तिरपा फोटो

संपतबद्दल चांगलं बोलायचं म्हणलं की माझ्या जिवावर येतं. पन लोक मलाच विचारतात, कारण जुन्या जालन्यात त्याच्या दुकानासमोर माझं दुकान, आन सारी उमर आम्ही एकमेकाच्या तोंडाकडं बघून काढलेली. त्याचं ‘संपत फोटो’, माझं ‘इंद्रभान आर्ट स्टुडिओ’. पाटी वाचूनच कळावं कलाकार कोण ते. गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडं.

संपत मूळचा जांब समर्थाकडचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, हा जालन्याला येऊन बियाण्याच्या गोदामात पोती उचलायचा. तिथल्या कुण्या साहेबानं बदली होऊन जाताना आपला जुना कॅमेरा ह्याच्या हातात दिला, आन झाला हा फोटोग्राफर! ना उस्ताद, ना तालीम. मी हैदराबादला उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलो. सकाळी झाडू मारायचा, दुपारी पेन्सिली तासायच्या, तवा कुठं संध्याकाळी उस्ताद निगेटिव्हला हात लावू द्यायचे.

आमचं खरं काम सफाईचं. निगेटिव्हवर जे नको असंल ते ब्लेडच्या टोकानं हलकं हलकं खरवडायचं, मंग फोटोत तिथं काळं येतं. जिथं उजेड पाहिजे तिथं पेन्सिल भरायची. देवीचे वण, डोळ्याखालचे खड्डे, तिरळा डोळा, सगळं बराबर करून द्यायचो. पोरीचं लग्न जमवायचं असलं की मायबाप तिला माझ्याकडं आणायचे. आन जमलं की लग्नाचे फोटो काढायला संपत! सांगा आता, जीव जळंल का न्हाई?

त्याचा एकबी फोटो सरळ नसायचा. नवरदेवाच्या धोतरावर सांडलेलं वरण, मागं भांडणारे व्याही, पंगतीत घुसलेलं कुत्रं, सगळं फोटोत. मी म्हणायचो, “अरे, जरा साफ कर की लेका.” तर म्हणायचा, “उस्ताद, जे हाय ते हाय.” मला तो उस्ताद म्हणायचा. मान द्यायचा का माझी खेचायचा, ते मला अजून उमगलं न्हाई. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची मिरवणूक निघाली की हा तिच्यापुढं उलटा चालत फोटो काढायचा, आन पोरीसोरी, म्हाताऱ्या, सगळ्या ‘संपतभाऊ, इकडं, इकडं’ करायच्या. मला रस्त्यात कुणी हाक मारली तरी ‘ओ फोटोवाले’ म्हणून. मी हसवायचो न्हाई ना लोकांना. मी म्हणायचो, हनुवटी वर, श्वास धरा, हलू नका.

माझी बायको साखराबाई, तीबी त्याच्याच बाजूची. लग्नाच्या नवलाईत मी तिचा एक फोटो काढला. जीव ओतून साफ केला. उन्हानं रापलेला रंग उजळला, कपाळावरची खोक काढली. लहानपणी बापाच्या कळपातल्या एडक्यानं टक्कर दिल्ती, त्याची ती खोक. फोटो हातात घेऊन ती म्हणली, “ही कोण बया?”

“अगं, तू.”

“मी न्हाई बाई. माझा एडका कुठं गेला?”

फोटो तिनं पेटीच्या तळाला टाकला. पुढं वाळवीनं खाल्ला. त्यानंतर ती माझ्या कॅमेऱ्यापुढं कधी बसली न्हाई, कितीबी मिन्नतवारी केली तरी. संपतच्या बायकोचे, बेबीनंदाचे, फोटो बघा. चुलीपुढं, नळावर, भांडताना, झोपल्याली. घर भरलंय नुसतं. आन साखराबाई गेली तवा ह्या इंद्रभान आर्ट स्टुडिओवाल्याच्या घरात भिंतीवर लावायला फोटो न्हाई! शेवटी नात प्रांजलीनं आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात साखराबाई अशी बघती की जणू पोलिसानं धरून आणलीय. त्यालाच हार घालतो, काय करणार.

तिची एक खोड होती, ती सांगतो. मी घरात कशावर खेकसलो की कमरेवर हात ठेवून, माझाच आवाज काढून म्हणायची, “ओ बाई, बाजूला व्हा!” आन हसत सुटायची. फोटो काढताना मी लोकांवर वरडतो त्याची नक्कल करती, असं मी समजायचो. लई राग यायचा. आता कुणी म्हणत न्हाई तर घर खायला उठतं.

असो. संपतचं सांगत होतो.

ह्या वर्षी संध्या मॅडम म्हणून एक बाई दुकानात आल्या. कॉलेजात इतिहास शिकवतात. जालन्यातल्या जुन्या इमारतींचे जुने फोटो गोळा करून नवीन जालन्यातल्या एका हॉलमधे प्रदर्शन भरवायचं म्हणत होत्या. आन मुख्य म्हंजे त्या पहिल्यांदा माझ्याकडं आल्या, संपतकडं न्हाई! मी खुर्ची पुसून दिली, च्या मागवला. त्या म्हणल्या, “काका, दगडी सराईचा फोटो पाहिजे. दारातच मोठा लावणार, दरवाजाएवढा. एकच.”

दगडी सराई म्हंजे जुन्या जालन्याची शान. काळ्या दगडाची, उंच कमानीची. रस्ता रुंद झाला तवा ती गेली. पाडणार अशी बातमी आली त्याच दुपारी मी तिपाई आन याशिका कॅमेरा घेऊन गेल्तो. मागोमाग संपतबी आलाच, गळ्यात डबडं अडकवून. मी तासभर उन्हात उभा राहून एक फोटो घेतला. संपतनं इकडून तिकडून फटाफट किती काढले देव जाणे. त्या दिवशीचं अजून एक ध्यानात हाय. माझा जेवणाचा डबा संपतनं आणून दिला. म्हणला, वहिनींनी दिलाय. म्हणलं, ही रोज दुकानात डबा घेऊन येती, मंग आज ह्याच्या हातात का? ते जेवण मला गोड लागलं न्हाई.

तर मी मॅडमपुढं सराईचा फोटो ठेवला. त्या बघतच राहिल्या. “काका, ही तर काल बांधल्यासारखी दिसतीय!”

माझी छाती फुगली. म्हणलं, “मेहनत हाय मॅडम त्यामागं. इथं विजेचा खांब होता, काढला. तारा काढल्या. दुकानाच्या पाट्या, सिनेमाचं पोस्टर, सगळं साफ. एक बकरी होती, सायकलवाला होता, कमानीत कुणीतरी बाई उभी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. ब्लेडनं अशी खरवडली की आत नुसता काळोख. कमानीला ही मोठी भेग होती, तीबी बुजवली.”

मॅडमचा चेहरा उतरला. हळूच म्हणल्या, “भेगसुद्धा?”

“बिलकुल दिसणार न्हाई तुम्हाला.”

“काका, मला भेगच पाहिजे होती. पाट्या पाहिजे होत्या. तिथं कोण राहत होतं, काय विकत होतं, सराई कशी खचत चालली होती, तेच तर दाखवायचंय लोकांना.”

च्या तसाच ठेवून त्या उठल्या, रस्ता ओलांडला, आन संपतच्या दुकानात शिरल्या. दुकानात आता त्याचा पोरगा मोबाईलची कव्हरं विकतो, पन संपतनं एक निगेटिव्ह फेकल्याली न्हाई. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवलंय सगळं. मी दारात बसून बघून राह्यल्तो. डबे निघाले, मॅडम जमिनीवर बसल्या, हसल्या, हात जोडले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं उमरभर तिरपे फोटो काढले त्याचा फोटो दरवाजाएवढा, आन माझा फोटो मॅडमनं दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून परत पाठवला, वर ‘खूप सुंदर आहे’ अशी चिठ्ठी. आंधळं दळतं आन कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

जायचं न्हाई असं मी ठरवल्तं. प्रांजली म्हणली, “आजोबा, चला की, सगळं जालना चाललंय.” मी म्हणलं, “मला काय करायचंय? सराई मी डोळ्यानं बघितलीय.” पन मनात कुठं थारा होता? शेवटी गेलो. आन जाताना खिशात माझं भिंग घेतलं, सफाईच्या कामाचं. चारचौघात संपतच्या फोटोला लावून एक-एक खोट दाखवायची असं मनात धरून गेल्तो. खोटं कशाला बोलू.

हॉलच्या दारातच तो फोटो. गर्दी ही! म्हातारे लोक बोट लावून सांगून राह्यले होते, हे आमच्या मामाचं दुकान, हा आमचा हौद, ही बकरी कुणाची असंल रे. खाली मोठ्या अक्षरात ‘छायाचित्र : संपत’. मी पुढं झालो. फोटो तिरपा होताच. सराई पार डावीकडं कललेली. मी मोठ्यानं म्हणलं, “बघा, बघा! जमीन तरी सरळ हाय का?” कुणी लक्ष दिलं न्हाई.

डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी पाठ आल्ती. तिपाईवर वाकल्याला, मान कॅमेऱ्यात घातल्याला माणूस. चला, ही दुसरी खोट, म्हणून भिंग लावलं. पाठीवरचा शर्ट माझा होता. माझीच पाठ! ह्या गड्यानं मलाच फोटोत घातल्तं. शिवी तोंडात आल्ती. पन म्हणलं, थांबा, आधी कमान बघू, भेग किती धड आलीय ते. भिंग सरकवत कमानीत नेलं.

कमानीत साखराबाई उभी होती.

एका हातात डबा, दुसरा हात कमरेवर. पदर मागं सरकल्याला. सारा भार एका पायावर, ती नळावर उभी राहायची तशी. तरणीताठी. आन हसत होती. सगळे दात दाखवून, डोळे बारीक करून हसत होती. कपाळावर खोक होती का काय ते एवढ्या लांबून काढल्याल्या फोटोत दिसंना, पन मला दिसली.

आधी काय आलं मनात, सांगू? जळफळाट. माझ्या कॅमेऱ्यापुढं कधी बसली न्हाई, आन ह्याच्या फोटोत ही अशी हसती? कुणाकडं बघून? मी भिंग हलवलं, तिची नजर धरून सरकत गेलो. नजर संपतकडं नव्हती. सरळ कोपऱ्यातल्या त्या वाकल्याल्या पाठीकडं होती.

“काय उस्ताद, खोटी काढून राह्यला का?” मागं संपत. काठी टेकत आल्ता.

मी नुसतं बोट लावलं.

“वहिनी,” तो म्हणला. “तुला म्हाईत न्हाई? अरे, तू मान खाली घालून सगळ्यांवर खेकसून राह्यल्ता. सायकलवाल्यावर, बकरीवर. आन वर न बघताच वहिनींवर वरडला, ‘ओ बाई, बाजूला व्हा!’ हसून हसून बेजार झाल्या त्या. मंग डबा माझ्याकडं दिला आन म्हणल्या, संपतभाऊ, साहेबांचं काम झालं की द्या, मला तर वळखीतबी न्हाईत.”

मी तिथंच भिंतीला टेकलो. संध्या मॅडम आल्या, त्यांनी पाणी दिलं. कुणीतरी विचारलं, ही बाई कोण म्हणून. संपतनं सांगितलं न्हाई. माझ्याकडं बघत राहिला. मीच सांगितलं, “माझी मालकीण हाय. साखराबाई.” मॅडमनं लगेच एका पट्टीवर नाव लिहून फोटोखाली चिकटवलं.

जरा वेळानं मी संपतला म्हणलं, “मला एक कॉपी दे.”

“देतो की.”

“पन सरळ करून दे.”

तो हसला. “सरळ करायचा म्हणलं तर कडा कापाव्या लागतील, उस्ताद. मंग कोपऱ्यातला तू जाशील. वहिनी हसतील कुणाकडं?”

लोक फोटोपुढून सरकत होते, बकरीला हसत होते.

“राहू दे तिरपाच,” म्हणलं.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून सराईची माझी निगेटिव्ह काढली आन खिडकीच्या उजेडात धरली. भिंग लावून कमानीतली जागा बघितली. म्हणलं, ब्लेड जरा कुठं चुकलं असंल, डब्याची कड, पदराचं टोक, काहीतरी राहिलं असंल. उन्हं अंगणात येईस्तोवर बघत होतो. पन हात लई साफ होता माझा तवा. साधा ओरखडाबी सापडला न्हाई.