नॉच दिला, पण इंजिन हललं नाही

आमच्याकडं लग्नकार्यात भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगायचं काम माझ्याकडं असतं. त्यातल्या एकीवरही माझा विश्वास नाही. निम्म्या तर मीच रचलेल्या. ही मात्र रचलेली नाही, म्हणून जरा अडखळतच लिहितोय.

मानवतजवळ धान्याच्या गोदामाची एक खासगी साइडिंग आहे, म्हणजे गोदामापुरता वेगळा रेल्वेरूळ. तिथं मी शंटिंगचं इंजिन चालवतो. इंजिन जुनंच डिझेल – सांगाडा तेवढा ठेवून आत सगळं नवं बसवलेलं. कॉम्प्युटरसुद्धा. आपण कधी काय केलं, सगळं नोंदवून ठेवतो, चुगलखोर.

जानेवारीतली सकाळ, अकराचा सुमार, लख्ख ऊन. इंजिनाला लावलेले आठ डबे मागं ढकलून उभ्या डब्यांना जोडायचे होते. दोन हात फट राहिली आणि थांबलो – जोडाचा आकडा अडकला होता. डबे जोडणारा आमचा पॉइंट्समन सुभाष तो सोडवायला फटीत शिरला. तिथं रूळ वळतो, केबिनमधून माणूस दिसत नाही. त्यानं बाहेर येऊन हिरवी झेंडी हलवल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम.

थोड्या वेळानं हिरवं हललं. मी ब्रेक सोडला, दांडा सरकवून ताकदीचा पहिला नॉच दिला. इंजिन गुरगुरलं, करंटचा काटा चढला… आणि गाडी जागची हलेना. दुसरा नॉच. तरी नाही. वैतागून चष्मा लावला – हो, तोवर तो खिशात होता – आणि बाहेर वाकून पाहिलं. रुळापलीकडं मेंढरं चारणारी एक बाई ओलं हिरवं लुगडं झटकून बाभळीवर वाळत घालत होती.

नॉच काढला, ब्रेक लावला, खडीवरून धडपडत पळालो. सुभाष फटीतच होता, आकड्यावर हातोडी मारत.

"काका, इंजिन कामून रेस करायलाव?"

"आधी बाहेर ये."

आला. मी खरं ते सांगितलं. तो लुगड्याकडं बघत राहिला.

"मंग चाललं का न्हाई?"

"तेच कळंना."

"चष्मा लावत जा की, काका." एवढंच बोलला. मग आकडा सोडवून बाहेर आला, झेंडी हलवली, आणि तेच इंजिन पहिल्याच नॉचला निमूट चाललं.

चूक मीच लिहून दिली. पंधरा दिवस इंजिनावरून उतरवलं. इंजिनाच्या कारखान्यातून फिटर आला, त्यानं कॉम्प्युटर उघडला. इंजिनाचे, डब्यांचे ब्रेक मोकळे, दोन नॉच दिलेले, ताकद पुरेपूर, वेग शून्य. चाळीस सेकंद.

"बिघाड काय हाय?" मी विचारलं.

"बिघाडच न्हाई ना, तीच पंचाईत हाय."

परवा सुभाष बायकोला घेऊन आमच्याकडं जेवायला आला होता. विषय निघालाच. आमची ही म्हणाली, "घरात यांचं कोण ऐकतंय, मंग इंजिनानंच कामून ऐकावं?" सगळे हसले, मीही हसलो. सुभाषची बायको तेवढी हसली नाही. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होती. चाळीसपर्यंत. मीही मनात तिच्याबरोबर मोजायला लागलो.

लय लांब असतात हो चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात तिथं काय झालं, ते मला अजून सांगता येत नाही.