बाटलेला माल

महाड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात भाताच्या तुसाच्या राखेतून सिलिकॉन काढत. ते स्वस्तात शुद्ध झालं तर सूर्यावर चालणारा दिवा गरिबालाही परवडेल, म्हणून मी तिथे लागलो होतो.

माल आम्लात धुणारा आमच्याच बौद्धवाडीतला, कंत्राटी. घामातलं मीठही मालाला चालत नसे. कुणी हातमोज्याशिवाय शिवलं की तो म्हणायचा, "बाटला."

"दादा, चवदार तळ्याच्या गावात हा शब्द?" मी भांडायचो.

"माणूस बाटत नाय रे. माल बाटतो." आणि धुणं चालूच.

त्याला कायम करायचं ठरलं, त्याच आठवड्यात मालक पाहुण्यांना घेऊन आले. मालकांनी कौतुकानं तयार मालाची मूठ उचलून दाखवली आणि परत ट्रेमध्ये सोडली. दादानं तो ट्रे सरळ कचऱ्याच्या पिंपात ओतला.

"हे काय?" मालक म्हणाले.

"साहेब, तुमचा हात लागला. बाटला."

"आणि तुझ्या हातानं?"

"माझ्यानं पण बाटतो. म्हणून तर मोजे घालतो."

पाहुणे हसले. मालक हसले नाहीत.

कायम करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. दुसऱ्या दिवशी मालक आत आले, तेव्हा दादानं हातमोज्यांचा जोड पुढे केला. मालकांनी तो घातला.