अक्काच्या हातचं दही

धारवाडातल्या सप्तापूरच्या घरून मी पहिल्यांदा जर्मनीला निघाले, तेव्हा टॅक्सी दारात उभी होती आणि थोरली बहीण, सुमाअक्का, दह्याची वाटी घेऊन पुढं आली. निघणाऱ्याच्या तळहातावर दही घालायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "तू राहू दे की, सुमा. शुभ कामाला चाललीय ती." अक्का आत गेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. त्या दह्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वांझ आणि बंजे, दोन्ही शब्द लहानपणापासून कानावर पडले, आणि दोन्ही बाईसाठीच. पुरुषाला असं हिणवायला कुठल्याच भाषेत कुणाला शब्द लागला नाही.

इथं लॅबमध्ये मी उंदरांच्या स्त्रीबीजांवर काम करते. बीज तयार होतं आणि थांबून राहतं. आत शिरणारा शुक्राणू सोबत एक प्रथिन आणतो, त्यानं बीजातलंच साठवलेलं कॅल्शियम सुटतं, एकदा नाही, कित्येक तास पुन्हा पुन्हा. मायक्रोस्कोपखाली अख्खं बीज उजळतं, विझतं, परत उजळतं. तेव्हा कुठं ते जागं होतं आणि पुढचं सगळं सुरू होतं. शुक्राणू दिसायला धडधाकट, पळायला चपळ, पण ते प्रथिन नसलं तर बीज आपलं ढिम्म. असं ढिम्म बीज पहिल्यांदा बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

कारण हुबळीच्या डॉक्टरांनी अक्काच्या बीजांत सुईनं शुक्राणू सोडून बघितले होते. एकही बीज फळलं नाही. भावजींचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे बीजंच खराब, असा निकाल आमच्या स्वयंपाकघरात लागला.

भावजींचं गोकुळ रोडवर पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. मी फोनवर विचारलं, "भावजी, मोटार चालू होत नसली तर आधी काय बघता?"

"स्टार्टर."

"मग तुमचाही स्टार्टर बघून घ्या की. तशी टेस्ट असते. दोष तिथंच निघाला तर औषधानं बीजात कॅल्शियम चढवून ते जागं करता येतं, पुष्कळदा जमतं."

पलीकडं त्यांनी मशीन चालू केलं. मग ते म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काही नाही," आणि फोन ठेवला.

तपासल्याशिवाय दोष त्यांचाच, असं मी म्हणणार नाही. अक्काचाही असू शकेल. पण न तपासता तो तिच्या माथी मारून तुम्ही सगळे नातेवाईक मोकळे झालात. गावात राहिलेले तर झालातच, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही, दर फोनवर "अक्काचं काही कळलं का?" असं हळहळत विचारणारे. भावजींचं काही कळलं का, असं एकानंही विचारलं नाही.

यंदा सुट्टी संपवून निघाले, तर दारात पुन्हा टॅक्सी आणि आईच्या हातात वाटी. मी हात मागं घेतला. "अक्का घालेल."

"उगं हट्ट करू नको ग, उशीर होतोय."

मी बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसले. विमान चुकलं तरी चालेल म्हणाले, आणि मला खरंच चाललं असतं. अक्का आतल्या दारात पदराला हात पुसत उभी होती. शेवटी आईनं तिच्याकडं न बघता वाटी पुढं केली.

इथं कुणी घर कुठं विचारलं की पूर्वी मी धारवाड म्हणायचे. अजूनही तेच म्हणते, पण डोळ्यांसमोर आता ती पायरीच येते, आणि हातावर दही घालताना अक्का अगदी हळू बोलली ते. तिनं "सांभाळून जा" म्हटलं नाही. ती म्हणाली, "ह्यांना परत फोन लाव की ग."

मी दर रविवारी लावते. ते उचलत नाहीत.