कांचनच्या ओट्यावरची कॉफी

कांचन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. काट्याच्या झोळीत एक पोरगी लटकत होती, रडत होती, आणि मी एका हातानं तिला सावरत दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला लावला. जुन्नरहून कांचनचे यजमान बोलत होते. "शोभाताई, कांचन पहाटे गेली. पोटाचा कॅन्सर होता. आठ महिने चाललं होतं." मी नुसतं "बरं" म्हणाले. बरं! माणूस गेल्याचं ऐकून कुणी असं म्हणतं का? पण आठ महिन्यांतल्या शेवटच्या चार महिन्यांत मी तिचा एकही फोन उचलला नव्हता, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत ती मला दोनदा भेटून याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. मी पोरीचं वजन वहीत लिहिलं, तिला खाली उतरवलं. त्या दिवशी मी जुन्नरला गेले नाही.

आमची ओळख मंचरच्या कॉलेजातली, नव्वद सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी कळंबजवळच्या वाडीवरची, वडील मेंढपाळ. तिच्या वडलांचं मंचरच्या पेठेत कापडदुकान होतं. मूळचे मारवाडचे जैन, पण दोन पिढ्या मंचरात गेलेल्या. घरात ती मारवाडी बोलायची, दुकानात शुद्ध मराठी, आणि माझ्याशी बोलताना माझीच भाषा उचलायची. "तुझ्यासंगं बोलताना जिभेला बरं वाटतंय," म्हणायची. अकरावी-बारावी आम्ही एका बाकावर काढली. कॉलेज सुटलं की ती मला दुकानाच्या वरच्या मजल्यावर घरी न्यायची आणि कॉफी करायची. कपात कॉफीची पूड, साखर, चार थेंब पाणी, आणि मग चमच्यानं फेटत बसायची, रंग फिका होईपर्यंत. त्यावर उकळतं दूध ओतलं की फेस वर यायचा. आमच्या घरी कॉफी म्हणजे आजारी माणसाचं पेय, तेही जायफळ घालून. फेसाची कॉफी मी पहिल्यांदा तिच्याकडेच प्यायले.

बारावीनंतर मी डी.एड.चा अर्ज भरला. मास्तरीण व्हायचं हे माझ्या डोक्यात चौथीपासून होतं. कांचनला घरून पुढे शिकायची परवानगी नव्हती, तरी माझा फॉर्म तिनंच तिच्या सुंदर अक्षरात भरून दिला. पहिल्या यादीत माझं नाव आलं नाही. प्रतीक्षा यादी पुण्याला कॉलेजच्या फळ्यावर लागणार होती, आणि नाव असेल त्यानं तीन दिवसांत हजर व्हायचं होतं. नेमकी त्या आठवड्यात आई टायफॉईडनं पडली. वडील मेंढरं घेऊन शिरूरच्या बाजूला गेलेले. कांचन वडलांबरोबर दुकानाच्या खरेदीला पुण्याला निघाली होती. म्हणाली, "मी बघून येते की. तू आईपाशी थांब."

दुसऱ्या दिवशी शेजारणीला आईपाशी बसवून मी मंचरच्या स्टँडवर दोन तास उभी होते. ती बसमधून उतरली, मला बघितलं आणि मान हलवली. "न्हाई लागलं गं तुझं नाव." आणि तिला रडू कोसळलं. एवढी रडली की मीच तिची समजूत काढली. "जाऊ दे गं, पुढच्या साली बघू," असं मी तिला म्हणाले... मी, तिला! मग ती मला घरी घेऊन गेली. त्या दिवशी तिनं कॉफी किती वेळ फेटली ते मला अजून आठवतं.

पुढचं साल माझ्यासाठी आलंच नाही. त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं, कळंबातच. नंतर अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. अंगणवाडीची खोली झेडपीच्या शाळेला लागूनच. सगळी नोकरी मी भिंतीपलीकडून येणारे पाढे ऐकत केली. वाईट होतं असं नाही म्हणणार, पोरांनी मला जीव लावला. पण शाळेच्या बाई सही करून पाठमोऱ्या निघाल्या की माझी नजर त्यांच्या पर्सवर जायची, का कोण जाणे.

कांचनही वर्षभरात लग्न होऊन जुन्नरला गेली. मैत्री मात्र टिकली. नारायणगावला बस बदलून मी महिना-दोन महिन्यांनी तिच्याकडे जायची. दोन हजार सालानंतर तिचा दीर जर्मनीत नोकरीला लागला आणि एका दिवाळीला त्यानं कॉफीचं यंत्र आणलं. काळंभोर, उभट, जुन्या शिवणयंत्राच्या डोक्याएवढं. त्याच्यात कॉफी सुटी घालायचीच नाही. शाईच्या दौतीच्या झाकणाएवढ्या बंद डब्या यायच्या, त्यांना ती कॅप्सूल म्हणायची. डबी खोबणीत टाकायची, दांडा खाली ओढायचा. आत डबीला भोक पडायचं, यंत्र घरघरायचं आणि कपात सुतासारखी काळी धार लागायची. कांचनच्या सासूबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली. "बंद डबीत काय भरलंय कुणी बघितलंय?" त्या विचारायच्या. टाकीत पाणी मात्र गाळून उकळलेलंच भरलं जायचं. दुधाचा फेस काढायची सोय त्या यंत्राला नव्हती, म्हणून कांचन साय काढलेलं गरम दूध उंच डब्यात घेऊन रवीनं घुसळायची. मग तो फेस कॉफीवर अलगद सोडायची आणि म्हणायची, "घे. कॅपुचिनो. जुन्नरातली एकुलती एक." आम्ही दोघी हसायचो.

जाण्याच्या चार महिने आधी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. वाळली होती. मला वाटलं, उपास चालू असतील, तिचे उपास कडक असायचे. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तिनं कॉफी केली, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर न बसता ओट्याला टेकून उभी राहिली.

"शोभे, त्या यादीत तुझं नाव व्हतं."

कुठली यादी हे मला विचारावं लागलं नाही. सतरा-अठरा वर्षं झाली होती, तरी नाही. मी विचारलं, "कितवं?"

"सातवं. वरनं सातवं."

"आणि तू न्हाई म्हणून सांगितलंस."

"बसमध्ये बसले तवा सांगणारच व्हते गं. मंचर येईस्तोवर ठरवत व्हते. तू स्टँडवर उभी दिसलीस आणि..." मग ती भराभर बोलली. "मला घरात कोंडून घालणार व्हते. आणि तू मेंढरामागची पोरगी, पुण्याला जाऊन मास्तरीण होणार. मला ते बघवलं न्हाई."

ती फक्त माझ्यावाचून राहू शकत नव्हती असं म्हणाली असती, तर कदाचित मी तिथे बसले असते. पण 'मेंढरामागची' हा शब्द तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि तरी दर वेळी माझ्यापुढे फेसाचा कप ठेवत होती. मी उठले. कॉफीला हातही लावला नव्हता. तशीच स्टँडवर गेले. नंतर तिचे फोन यायचे. पडद्यावर तिचं नाव दिसलं की मी मोबाइल पालथा घालायची.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी जुन्नरला गेले. सासूबाई स्वयंपाकघरात एकट्याच बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "आई, मला आजाराचं का कळवलं न्हाई?"

"तिनं बंदी केली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हणायची, शोभाला कळलं तर ती दया येऊन येईल. तशी नको. राग सरला की आपसूक येईल. रोज दुपारी नारायणगावच्या बसची वेळ विचारायची."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संतापच. म्हणजे पुन्हा तेच! जी बातमी माझी होती, ती हिनं पुन्हा माझ्यापासून लपवली. मी काय करीन, कुठे जाईन, ते पुन्हा हिनंच ठरवलं. आजार कळला असता तर मी आले असते, भांडले असते, तिच्या तोंडावर सगळं बोलले असते. दयेनं का होईना, आले असते. तेवढाही हक्क तिनं मला ठेवला नाही.

सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग यंत्राकडे बोट केलं. "मला ती कॉफी करून देतीस? तिनं लई वेळा इचारलं, मी कधी घेतली न्हाई."

मी पाणी गाळून भरलं, डबी टाकली, दांडा ओढला, दूध घुसळलं. मला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून हाताला माहीत होतं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी कप धरून घोट घेतला. ओठावर फेस लागला, तो पुसलाही नाही. "कडू हाय," म्हणाल्या, पण पीत राहिल्या.

"आई, मी तिला माफ केलेलं न्हाई."

"नको करू," त्या म्हणाल्या. "पण येत जा."

मी जाते. गेल्या गुरुवारी गेले तर यंत्र तापायच्या आतच वीज गेली. आम्ही दोघी ओट्यापाशी बसून राहिलो. सासूबाई सांगत होत्या, कांचन शेवटी शेवटी झोपेत मारवाडी न बोलता मराठीच बोलायची, तेही गावाकडचं, माझ्याशी बोलायची तसलं. वीज आली तेव्हा दिवस मावळला होता. जैनांच्या नेमाप्रमाणे त्यांना आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा चालणार नव्हतं. "तुझ्यापुरती कर," त्या म्हणाल्या आणि माळ घेऊन आत गेल्या. मी फडताळातून एकच कप काढला.