साडूचा बुडालेला जिल्हा

बुडालेल्या जिल्ह्यांना देवानं पृथ्वीवर एकच वारस नेमला असेल, तर तो देवळाली प्रवऱ्याला गंजिफ्रॉकवर उभा राहून उसाला पाणी देतोय, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. त्याची एकुलती एक लेक जर्मनीत नोकरीला. वोल्फहागेन नावाच्या लहानशा गावात राहते. तिच्याकडे तो तीन महिने राहून आला. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. यानं जिल्हा आणला, आणि तोही मोडीत निघालेला! हे वोल्फहागेन एकेकाळी जिल्ह्याचं गाव होतं म्हणे. आधी तो जिल्हा हेसेनच्या राजाचा होता, मग प्रशियानं गिळला, आणि पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारनं तो शेजारच्या कासेल जिल्ह्यात विरघळवून टाकला. एवढीशी गोष्ट, पण साडू ती अशी सांगतो, की ऐकणाऱ्याला आपलाच सातबारा गेल्यासारखं वाटावं.

त्याआधी या मुलखात गोष्ट सांगावी तर मीच. उसातून निघालेला बिबट्या माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून बेलापूरपर्यंत आला आणि वेशीत मुकाट्यानं उतरून गेला, हे माझ्या तोंडून ऐकायला श्रीरामपूरच्या टपरीवर चहा निवायचा. बिबट्याचं वजन मी दर वर्षी थोडं वाढवतो. माणसाचं वाढतं, त्याचं का वाढू नये? पण आमच्याकडे ‘श्रीरामपूर जिल्हा कधी होणार’ हा वाद टपरीवर रोजच पेटतो, आणि एकदा त्यात साडू हळूच म्हणाला, “जिल्हा मिळनं सोपं हाय हो. गेल्यावर काय हुतं, ते मला इचारा.” झालं! सगळी बाकडी त्याच्याकडे वळली. माझा बिबट्या वेशीतच उभा राहिला.

पुढं त्यानं ट्रॅक्टरला मागं एक पाटी ठोकली: डब्ल्यू, ओ, एच. वोल्फहागेनच्या गाड्यांचं जुनं पासिंग. पुढून एमएच सतरा, मागून जर्मनी. एका हवालदारानं अडवलं. “मालक, ह्ये कुठलं पासिंग?” “जिल्हा बुडालाय, साहेब. आठवन म्हनून लावलीय.” मग हेसेनच्या राजापासून त्यानं जी सुरुवात केली, ती मागं वाहनांची रांग पार स्टँडपर्यंत लागली तरी संपेना. शेवटी हवालदारानंच त्याला चहा पाजला. त्याच हवालदारानं मला हेल्मेट नाही म्हणून धरलं, तेव्हा मीही बिबट्या सांगायला घेतला. त्यानं निम्म्यातच पावती फाडली.

पण खरा घाव बसला तो तिसगावला, सासुरवाडीत. धोंड्याचा महिना, आम्ही दोघे जावई शेजारी पाटावर, पुढं अनारसे. मी बिबट्याला उसातून काढणार, तेवढ्यात सासूबाई साडूला म्हणाल्या, “मंग त्या जिल्ह्याचं पुढं काय झालं वो, जावईबापू?”

“दुसऱ्या जिल्ह्यात घातला, मामी. कचेरी गेली, गाड्यांवरची अक्षरं गेली.”

“आगं आई! लेकीवानीच की. घर बी गेलं, नाव बी गेलं.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हासुद्धा त्यांनी तो जागचा हलवला नव्हता.

“पर अक्षरं परत दिली सरकारनं. जिल्हा न्हाई दिला, पाटी तेवढी दिली.”

“बरं झालं बाई!” म्हणत त्यांनी त्याच्या ताटात अनारशांची चळत लावली, वर तूप. आणि माझ्याकडे वळून, “तुमाला ग्वाड चालत न्हाई ना?”

“मामी, त्या बिबट्याचं तुम्हाला—”

“आयकलंय की. तुमचं लगीन झालं तवापासून आयकतीय.”

जेवणानंतर सगळे लवंडले. साडू फोन घेऊन ओसरीवर गेला आणि मी मागोमाग, दाराआड. व्हिडिओ कॉलवर लेक होती.

“बाळा, तुमचा जिल्हा प्रशियात गेला तवा—”

“पप्पा, बास की! मला काय करायचंय त्या जिल्ह्याचं? काका हायेत का तिथं? बिबट्याची गोष्ट सांगा म्हणावं. इथं तसं कुणी फेकत न्हाई.”

साडूनं वळून पाहिलं. मी सापडलोच होतो. त्यानं फोन माझ्या हातात दिला. “घ्या. तुमालाच मागतीय.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “ती कामावर जायची, मी दिवसभर गावात एकटा फिरायचो. आता काय ती माघारी येत न्हाई. म्हनलं, ती ऱ्हाती ते गाव तरी आपलं करून घ्यावं. पर तिला तुमचा बिबट्याच पायजे.” माझ्या हातातल्या फोनकडे तो ज्या नजरेनं बघत होता, ती नजर माझ्या ओळखीची होती. घटकाभरापूर्वी त्याच्या अनारशांवर मी तीच लावून बसलो होतो.

मी घसा साफ केला. बिबट्या उसातून निघाला, स्कूटरवर बसला. पण बेलापूरच्या वेशीत त्या दिवशी मी त्याला उतरू दिलं नाही. “बाळा, तो म्हणाला, मला वोल्फहागेनला सोडा. आता तिकडची वाट मला कुठली माहीत? ती तुझ्या पप्पांना विचार.”

तिकडं ती खळखळून हसली. “सांगा ना, पप्पा!”

मी फोन दोघांच्या मधे धरला. साडू जवळ सरकला, इतका की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

“आधी त्या स्कूटरची पाटी बदला,” तो म्हणाला.