मांडीचं कातडं हाताला

बर्न वॉर्डात नोकरी केली की माणसं बरी होऊन घरी जातात, किस्से मात्र सिस्टरकडेच राहतात! नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ' रंगवणं चालू होतं. आमच्या वॉर्डाची पाटी कितीतरी दिवस अर्धी पुसलेलीच. पण काय दिवस होते ते!

*

बीरगांवच्या कारखान्यातला मनोहर फिटर. भट्टीनं उजवा हात भाजला. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, मांडीचा पातळ पापुद्रा काढून हातावर बसवला. दुसऱ्या दिवशी राउंडला विचारलं, "हात दुखतो का?"

"हात मस्त आहे साहेब! भाजला तो, अन् बोंबलून राहिली मांडी!"

*

पाचव्या दिवशी पट्टी उघडायची. कातडी गुलाबी दिसली की पास! दाराशी आमची आया फुलबाई विचारायची, "धरिस का?" म्हणजे, धरली का?

सर कडक माणूस, कधी हसायचे नाहीत. मनोहरची पट्टी उघडली अन् तेच ओरडले, "हव फुलबाई, धरिस!"

*

गुढ़ियारीची पाच वर्षांची पिंकी उकळत्या पेजेनं भाजली. तिच्या अंगावर कातडी घ्यायला जागाच नव्हती. आई म्हणाली, माझी घ्या. सरांनी समजावलं, "दुसऱ्याची टिकत नाही. दोन-तीन हफ्त्यांत गळेल. तोवर पोरगी सावरेल, मग तिचीच लावू."

"तीन हफ्ते तो तीन हफ्ते," आई म्हणाली, "मेरी ओढ़ के सोएगी न!"

सर हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

पिंकी पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेली.

*

पुढे मेल्यावर त्वचादान घेणं सुरू झालं. चौबे कॉलोनीतले आमचे शेजारी दिनकरकाका, रेल्वेतून रिटायर झालेले, हार्ट अटॅकनं गेले. सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. मी भीत भीत काकूंना विचारलं.

मुलगा रडायला लागला. "दीदी, पापा को चीरेंगे क्या?"

"नाही रे. पाठीचा, मांड्यांचा पापुद्रा घेतात, पट्टी बांधतात. चेहरा तसाच राहतो."

काकू मुलाला म्हणाल्या, "घेऊ दे रे. आपण तर जाळूनच टाकणार!"

दोन महिन्यांनी, थंडी पडल्यावर, काकू वॉर्डात आल्या. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"सुमन, हिवाळ्यात त्यायची कातडी लय फुटते. ज्याले लावली असन, त्याले हे चोळून देजो."

मी बाटली घेतली.