लाल चिंधी बांधलेलं मुगाचं झाड

"नाना, माझं झाड कुठंय?" मॅडमनी विचारलं. ओळीत झाडाच्या जागी ताजा खड्डा होता.

मी चोपड्याकडच्या एका संशोधन फार्मवर अटेंडंट होतो. शिक्षण चौथी. पण मुगाच्या प्लॉटमध्ये पाय टाकायचा तर साहेबसुद्धा मला विचारायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मॅडम नवीन संशोधक, अमळनेरहून एस.टी.नं यायच्या. त्यांच्याकडे मुगाची एक ओळ होती, किरणांचा मारा केलेल्या बियाण्याची. झाडं हिरवीगार, पण शेंगेत दोन-तीनच दाणे. साहेब म्हणाले, हा रोग आहे, पाहणीला लोक यायच्या आत ओळ जाळा. मॅडम म्हणाल्या, रोग नाही, क्रोमोसोमचा घोळ आहे.

"मग उद्या दुपारपर्यंत दाखवा," साहेब त्या दिवशी सकाळी म्हणाले. "नाहीतर ओळ जाईल."

क्रोमोसोम म्हणजे पेशीतले धागे. मुगात बावीस. परागकण तयार होताना ते जोडीजोडीनं लागतात, अकरा जोड्या, आणि मग निम्मे इकडे, निम्मे तिकडे जातात. किरणांनी दोन वेगळ्या जोड्यांतल्या धाग्यांचे तुकडे अदलाबदल झाले, तर चार धागे एकमेकांना धरून कडं करतात. त्यांची वाटणी चुकली की पराग पोकळ. म्हणून दाणे कमी.

हे फक्त कोवळ्या कळीत दिसतं. बाकी झाडं शेंगांवर आलेली. एकच झाड मागास, कळ्यांवर होतं. त्याला मॅडमनी खूण म्हणून लाल चिंधी बांधली. मला न विचारता.

आमच्याकडे लाल चिंधी म्हणजे दुसऱ्या जातीचं भेसळ झाड, दिसलं की उपटायचं. नियम मी घालून दिलेला. त्याच सकाळी बाया शेजारच्या बियाण्याच्या प्लॉटमधली भेसळ काढत होत्या. मी त्यांच्यातल्या सरजाक्काला झापायला गेलो.

ती खुरपं न थांबवता म्हणाली, "तुम्हीच सांगेल व्हतं ना नाना, लाल चिंधी दिखनी का उपाडी टाकानं. आते मन्हावर कशाले वरडतस?"

बाया हसल्या. मी बांधावरच्या ढिगाकडे गेलो. हा ढीग बैलांना जायचा. खालून तिसऱ्या-चौथ्या पेंढीत चिंधी सापडली. पानं माना टाकून, पण कळ्या ताज्या. बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या खुडल्या आणि स्पिरिट-ॲसिडच्या बाटलीत टाकल्या. त्यात पेशी आहे तशी थांबते.

दुसऱ्या दिवशी मॅडम काचेवर परागकोश चिरडून, लाल रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसल्या. पहिल्या काचा फुकट गेल्या. साहेब दारात येऊन घड्याळ बघून गेले. बारा वाजायला आले तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "नाना, साहेबांना बोलवा."

साहेब बराच वेळ डोळा लावून होते. मग मीही वाकून पाहिलं. बारीक जोड्या, आणि मधोमध बांगडीसारखं कडं.

"रोग नाही तर," साहेब म्हणाले. "ओळ राहू द्या. आणि नाना, ती लाल चिंधी बंद करा."

मी म्हणालो, "लाल बंद होणार नाही. बायांच्या हाताला सवय आहे. मॅडमनी पांढरी बांधावी."

साहेब मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी पिशवीतून जुना पांढरा रुमाल काढला आणि फाडायला घेतला.

पुढं ती ओळ वर्षानुवर्षं पेरली गेली, पांढऱ्या चिंध्यांनी. नव्या माणसाला मी एवढंच सांगायचो, सूक्ष्मदर्शक उघडण्याआधी बांधावरच्या बायांना चिंधीचा रंग विचारून ये.